दुसरा अपराध कोणता समजावा?

मुंबईतील शक्ती मिलच्या ओसाड आवारात २०१३ च्या जुलै व ऑगस्ट महिन्यांत दोन तरुणींवर सामूहिक बलात्कार झाले. दोन्ही खटल्यांत २० मार्च २०१४ रोजी, म्हणजे एकाच दिवशी, आरोपी दोषी ठरले. दोन्ही गुन्ह्यांत सामील असलेल्या तिघांवर मग दंडविधानाच्या ३७६-ई ह्या कलमाखाली नवा आरोप ठेवण्यात आला आणि ४ एप्रिलला त्यांस फाशीची शिक्षा फर्मावण्यात आली. पूर्वी बलात्काराबद्दल दोषी ठरलेला इसम पुढे तशाच गुन्ह्याबद्दल पुन्हा दोषी ठरल्यास त्यास आमरण कारावास किंवा देहान्त द्यावा, असे हे २०१३ सालचे कलम सांगत होते.

कृत्य इतके अमानुष होते की फाशीबद्दल लोकांना समाधान वाटले, ह्यात नवल नाही. परंतु सराईत म्हणावे कोणाला? एकदा न्यायासनाने ज्यास दोषी ठरविले, शिक्षा दिली, आणि तरीही ज्याने पुन्हा तोच मार्ग धरला, त्याला. वाढीव शिक्षेचे सारे समर्थन त्या धुडकावलेल्या इशाऱ्यावर उभे आहे. ह्या तिघांना असा इशारा मिळालाच नव्हता. पहिल्या गुन्ह्याची फिर्यादसुद्धा दुसऱ्याचा बोभाटा झाल्यावर दाखल झाली. ते अट्टल नव्हते असे आम्ही म्हणत नाही. दोन गुन्हे करणारा आणि शिक्षेनंतर गुन्हा करणारा ह्यांत भेद आहे, एवढेच म्हणतो; आणि जेथे प्रश्न गळफासाचा, तेथे तो भेद वकिली कीस काढणे नव्हे.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे कलम घटनेस धरून असल्याचा निर्वाळा दिला. तथापि २५ नोव्हेंबर २०२१ रोजी फाशी रद्द करून आमरण जन्मठेप दिली, तीही पॅरोल व फर्लो यांस वाव न ठेवता. समाजाचे रक्षण त्याने पुरेपूर साधते.

अनेक गुन्ह्यांच्या शिक्षांची बेरीज कशी करावी, ह्याबाबत कायदा अधिक सावध झालेला दिसतो. माणसाला आयुष्य एकच, तेव्हा एका जन्मठेपेमागे दुसरी लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१६ मध्ये ठरविले. एकाच खटल्यातील शिक्षा न्यायाधीशाने वेगळे सांगितले नाही तर एकापाठोपाठ भोगाव्या लागत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २५ त्याला गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून तसा स्पष्ट हुकूम करावयास लावते.

ही दक्षता न्यायसंहितेच्या कलम ७१ मध्ये मात्र आढळत नाही. जुन्या ३७६-ई चीच शब्दयोजना तेथे बव्हंशी जशीच्या तशी उतरली आहे. दुसरा गुन्हा पहिल्या दोषसिद्धीनंतर घडलेला असला पाहिजे, एवढे एक वाक्य संसदेने त्यात घालावे. असे दोन खटले पुन्हा एकाच दिवशी निकालात निघतील, त्याच्या आत ते घातले जावे.