जेसीबीचा पाइप आणि जुगाडाची आरती

'जुगाड' या शब्दाची आरती आता माझ्याच्याने ऐकवत नाही. आमच्या हापिसात दर तिमाहीला कुणीतरी मोठा साहेब स्लाइडवर हा शब्द टाकतो आणि सगळे टाळ्या पिटतात. मीही पिटायचो. गेल्या पावसाळ्यापर्यंत.

तर झालं असं. बाबांची २०१० सालची बाईक माझ्याकडे आली. पुढच्या डिस्क ब्रेकच्या रबरी पाइपला बारीक भेगा पडलेल्या. (यामाहाची मॅन्युअल्स ब्रेक होज दर चार वर्षांनी बदला म्हणून सांगतात. आमच्या घरी चार वर्षांनी फक्त सरकार बदलायची चर्चा होते.) शोरूमवाला म्हणाला, पार्ट बंद झालाय. नाना पेठ पालथी घातली, नाही मिळाला. मग एका मित्राने हायड्रॉलिक होजवाल्याकडे पाठवलं. त्याने सुतळीने लांबी मोजली, दोन्ही टोकांना फिटिंग दाबून बसवलं आणि दहा मिनिटांत पाइप हातात. अडीचशे रुपये! वर म्हणतो, "साहेब, या पाइपावर जेसीबी चालतो, तुमची गाडी म्हणजे काय चीज आहे!" मी खूश. दोन दिवस मित्रांना फोटो दाखवत फिरलो.

तीन महिन्यांनी ताम्हिणीत उतारावर ब्रेक दाबला आणि सोडला. सोडला तो मी, ब्रेकने नाही. पुढचं चाक आवळत चाललं, डिस्कमधून जळका वास. मागून एसटी. कशीबशी कडेला घेतली. मास्टर सिलिंडरकडचा बोल्ट सैल केला, तरी चाक सुटेना. मग खाली कॅलिपरचा ब्लीडर आठच्या पान्याने सैल केला, पिचकारी उडाली आणि चाक मोकळं. डीबगिंग करणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल, बग मधल्या पाइपात होता. बाईक टेम्पोत घालून घरी आणली.

पाइप कापून पाहिला, तर आतलं रबर फुगून भोक जवळजवळ बुजलेलं. ब्रेक दाबताना आपला जोर ऑइलला पुढे ढकलतो, सोडल्यावर परत आणायला तेवढा जोर नसतो. जेसीबीच्या पाइपात असतं खनिज तेल, त्याला नायट्राइल रबर चालतं. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल, नावात ऑइल असलं तरी, ग्लायकॉल इथरचं असतं. त्यात नायट्राइल फुगतं. तिथे ईपीडीएम रबर लागतं, नाहीतर आत पीटीएफई आणि बाहेर स्टीलची जाळी. म्हणजे दाबाचा हिशेब बरोबर होता, आत काय वाहणार ते चुकलं. प्रेशर टेस्ट पास, कॉम्पॅटिबिलिटी टेस्ट केलीच नाही!

दुकानदाराला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण त्याने विचारली लांबी आणि मी विचारली किंमत. "आत काय वाहणार?" हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. एका बटणाच्या रंगासाठी चाळीस पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहिणारा मी, ज्यावर जीव टांगलाय त्या वस्तूसाठी एक ओळ लिहिली नाही.

आता कुणी म्हणेल, "अरे, गरीब माणसाची गाडी जुगाडावरच चालते. तुम्हा आयटीवाल्यांना काय कळणार?" मान्य, पार्ट मिळत नाही तेव्हा बनवूनच घ्यावा लागतो. बनवून घेण्याला माझा विरोध नाहीच. दुसरा पाइप मी भोसरीत एका कारागिराकडून बनवूनच घेतला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ऑइल कुठलं, डॉट ३ की ४?" हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, शॉकअप पूर्ण ताणून लांबी घेतली. बँजो बोल्टचे आटे गेजने तपासले, १ चा पिच की १.२५ चा ते पाहिलं. बँजोच्या दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर टाकले. तयार पाइप पंपाला लावून माझ्यासमोर दाबाखाली ठेवला. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या मानकात ४,००० पीएसआय दाब दोन मिनिटं झेलावा लागतो, हे मला त्याच्याकडून कळलं. चौदाशे रुपये घेतले. याला जुगाड म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे. कारागिराला काय मोडू शकतं ते माहीत असतं, जुगाड्याला फक्त आज काय चाललं तेवढंच. आणि गरिबाला तर स्वस्त चूक सगळ्यात महाग पडते, त्याच्याकडे टेम्पोचेही पैसे नसतात.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. छानच झालं. पण एबीएस असो वा नसो, बोटांचा जोर चाकापर्यंत जातो तो त्या पाइपातूनच. तिकडे सायलेन्सरवर आठ हजार घालणारे आपण इकडे "अडीचशेत होतंय ना?" म्हणतो.

असो. उद्या गाडी काढाल तेव्हा हँडल वळवून त्या पाइपाकडे एकदा बघा. भेगा दिसल्या तर बदला, आणि बनवून घ्यायचा असेल तर किंमत शेवटी विचारा.