ना हरकत दिली, वेळ कधी देणार?

शिकवता शिकवता एम.एड. किंवा पीएच.डी. करणाऱ्या शिक्षिकेबद्दल स्टाफरूममध्ये दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, "बाईंचं लक्ष आता पदवीकडे, वर्ग वाऱ्यावर." दुसरं जरा मायेचं, "वेळेचं नियोजन केलं की सगळं जमतं." मला दोन्ही अमान्य आहेत, आणि दुसरं जास्तच.

पहिल्याला एक वजाबाकी पुरते. तिसरीतल्या एका मुलानं 42 वजा 17 चं उत्तर 35 लिहिलं. एरवी लाल फुली पडते आणि वर तसलीच आणखी गणितं मिळतात. माझ्या सहकारी बाई तेव्हा मुलांच्या चुकांवरच लघुप्रबंध लिहीत होत्या. त्यांनी विचारलं, "कसं केलंस, सांग बरं." तो म्हणाला, "सातातून दोन गेले, पाच. चारातून एक गेला, तीन." मोठ्यातून लहान काढायचं, हा त्याचा पक्का नियम! बाईंनी काड्यांचे गठ्ठे आणले आणि दशकाचा गठ्ठा त्याच्याच हातानं सोडवून घेतला. बाई शिकत होत्या म्हणूनच तो प्रश्न विचारला गेला. वर्गाचं यात काय नुकसान झालं?

उतारे चिकटवून प्रबंध उभे करणारेही आहेत. त्यांना अडवायला मार्गदर्शक आणि परीक्षक आहेत. त्यांच्यापायी मन लावून शिकणाऱ्यांवर संशय कशाला?

आता नियोजन. ते हाताशी असलेल्या वेळेचं करता येतं. सकाळचे डबे, शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, सासऱ्यांची औषधं, मुलाचा अभ्यास, यातला कोणता तास तिच्या हाती आहे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. तरी "माहिती तातडीने पाठवा" हे निरोप रात्रीपर्यंत येतच राहतात. उरते फक्त झोप. तीच मोडायला सांगणाऱ्या सल्ल्याला मी नियोजन म्हणणार नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2022 चे पीएच.डी. नियम याबाबत स्पष्ट आहेत. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करणाऱ्याच्या ना हरकत प्रमाणपत्रात, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल, असं संस्थेला लिहून द्यावं लागतं. म्हणजे मुख्याध्यापक किंवा प्राचार्य सही करतात तेव्हा ते शब्द देत असतात. प्रत्यक्षात कागद फायलीत जातो आणि वेळापत्रकातला एक तासही हलत नाही. वर उपकार केल्याची भाषा ऐकावी लागते, याची मला खरोखर चीड येते.

याच नियमांत स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आहे. ती हवीच. पण मुदत वाढली म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडे जात नाही. तिची दमछाक तेवढी लांबते.

तेव्हा आठवड्यातले कोणते तास मोकळे आणि ते कोण घेणार, हे संस्थेनं प्रमाणपत्रासोबतच लिहून द्यावं. घरातही असंच ठरवावं. रात्रीचा स्वयंपाक, पालकसभा, दवाखान्याच्या खेपा यांतली कामं नवऱ्यानं आपल्या नावावर घ्यावीत, आणि प्रबंध सादर झाला म्हणून ती परत तिच्याकडे सोपवू नयेत.