पाऊस पडण्याआधी आपल्या बावखलांचं पाणी तपासून ठेवा

वसईच्या पश्चिम पट्ट्यातले वाडीवाले, नालासोपारा-विरारमधल्या सोसायट्यांचे सचिव, विज्ञान शिकवणारे शिक्षक आणि शिकणारी मुलं, या सगळ्यांना ही कळकळीची विनंती. मृगाचा पाऊस तोंडावर आला आहे. त्याआधी आपल्या बावखलातलं (वाडीत खोदलेल्या जुन्या तळ्यातलं), विहिरीतलं, गावच्या तळ्यातलं पाणी बाटलीत भरा आणि त्यात कोणकोणते सूक्ष्मजीव राहतात याची नोंद करून घ्या. हे काम आत्ताच व्हायला हवं.

मे महिन्याच्या शेवटी पाणी सर्वांत कमी असतं. जे काही त्यात मिसळलं ते दाट होऊन बसलेलं असतं. मग मोठ्या सरी येतात आणि गटारं, नाले, शौचालयांच्या टाक्या यांचं पाणी एकमेकांत जातं. जुलै २०१८ मध्ये आपली शहरं कशी बुडाली होती, रेल्वे बंद पडली होती, मिठागरातल्या वस्तीला पाण्यानं कसं वेढलं होतं, हे कोणी विसरलेलं नाही. असा पूर ओसरल्यावर विहिरीत काय उतरलं हे सांगायचं तर आधी काय होतं ते माहीत असावं लागतं. पुरापूर्वीची नोंदच नसेल तर तुलना कशाशी करणार?

गास, निर्मळ, वाघोली, भुईगाव, नंदाखाल या गावांतल्या बावखलांनी पिढ्यानपिढ्या पानवेली, केळी आणि फुलझाडं जगवली. त्यांवर रहाट चालले. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरवून समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटण्याचं कामही तीच करतात. टँकरसाठी होणाऱ्या विहिरींच्या बेसुमार उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभे राहिले, तेव्हा लोकांना पाण्याची किंमत कळली. आज बावखलं भराव टाकून बुजवली जात आहेत, आणि उरलेल्यांपैकी काहींत सांडपाणी सोडलं जातं. ‘हे तर डबकंच आहे’ असं म्हणून एखादं बावखल बुजवायला निघालेल्या माणसापुढे ठेवायला आपल्याजवळ पुरावा हवा.

तो पुरावा सूक्ष्मजीव देतात. प्रयोगशाळेत नेहमी होते ती कोलिफॉर्म जिवाणूंची चाचणी, आणि ती हवीच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला १०० मिलिलिटरमागे ५०० कोलिफॉर्मची मर्यादा आहे. पण ही चाचणी त्या घटकेची बातमी देते. दगडावर चिकटून वाढणारी डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं, पाण्यात तरंगणारी इतर शेवाळं आणि जिवाणू यांची वस्ती मात्र मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगते. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जीवांवरून पाण्याची प्रत ओळखण्याची पद्धत बसवली. १९६९ मध्ये पामर यांनी शेवाळांच्या प्रजातींना गुण दिले. युग्लीनाला सर्वाधिक, म्हणजे ५. एका नमुन्यात बेरीज २० किंवा त्याहून जास्त झाली, तर त्या पाण्यात सेंद्रिय घाण भरपूर आहे असं समजायचं.

यामागचं कारण सरळ आहे. सांडपाणी आलं की जिवाणू ते खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. नाजूक प्रजाती मरतात, आणि घाणीत तग धरणारे दोन-चार प्रकार सगळीकडे पसरतात. संख्या वाढते, विविधता घटते. तरीही एका आकड्यावर निकाल देऊ नका. क्लोरिन टाकलेल्या नळाच्या पाण्यातही विविधता कमीच असते, आणि थोड्या घाणीनं ती सुरुवातीला वाढूही शकते. म्हणून एका विहिरीची तुलना दुसरीशी करण्यापेक्षा तिची तिच्याशीच करा: या वैशाखातली ती आणि पुढच्या वैशाखातली ती.

नमुना घेण्यात काटेकोर राहा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, तोंड पाण्याखाली धरून भरा, बर्फात ठेवा आणि शक्यतो सहा तासांच्या आत पोचवा. शेवाळासाठी वेगळी बाटली घ्या, तीत ल्युगोल आयोडीनचे काही थेंब टाका. डायटमसाठी पाण्यातले चार-पाच दगड नव्या टूथब्रशनं घासून तो गाळ जमवा. जागा, तारीख, वेळ आणि पाण्याचा रंग-वास बाटलीवरच लिहा.

वर्तक, विवा आणि आसपासच्या इतर महाविद्यालयांच्या विज्ञान विभागांना हात जोडून सांगणं आहे: सूक्ष्मदर्शक तुमच्याकडे आहेत आणि मुलांना प्रकल्प हवेच असतात. गावागावांतून येणाऱ्या बाटल्यांसाठी दार उघडं ठेवा. डायटम ओळखताना अडलात तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर काम करणारी माणसं आहेत, त्यांना विचारा. महानगरपालिकेनं या नोंदी ताब्यात घेऊन प्रत्येक प्रभागाच्या जाहीर कराव्यात, आणि भरावाच्या परवानगीचा कागद पुढे आला की आधी त्या पाहाव्यात.

ज्यांच्या घरी विहिरीचं पाणी पितात त्यांनी प्रयोगशाळेची वाट न पाहता हायड्रोजन सल्फाइड चाचणीची कुपी वापरावी. ही स्वस्त चाचणी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. पाणी भरून कुपी एक-दोन दिवस घरातच ठेवायची. काळी पडली तर विष्ठेतले जिवाणू असण्याचा दाट संशय धरायचा. बावखलाच्या गाळात आणि मचूळ पाण्यात मात्र ती एरवीही काळी पडते, तेव्हा तिथे तिच्यावर विसंबू नका. कुपी काळी पडताच ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, शेजाऱ्यांना सांगा, प्रभाग कार्यालयात लेखी कळवा. आणि पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरली असेल तर ते उकळूनही पिऊ नका, गुरांनाही पाजू नका. काही नील-हरित शेवाळांचं विष उकळल्यानं जात नाही.