निकालाचे खापर

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हापासून आजतागायत या संस्थांतील निकाल खालावला की त्याचे खापर विद्यार्थ्याच्या आळसावर फोडण्याचा प्रघात पडला आहे. आळस असतो, नाही असे नाही. परंतु जो मुलगा मराठी माध्यमातून येऊन पहिल्याच सत्रात गणिताचे इंग्रजी व्याख्यान निमूटपणे वहीत उतरवून घेतो, ज्याचा अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेला असून पुढील वर्षी तेथे असेलच याची शाश्वती नसते, आणि ज्याचे परीक्षेचे प्रवेशपत्र फीच्या थकबाकीपायी दफ्तरात अडकून पडते, त्याच्या गुणपत्रिकेचा हिशेब केवळ त्याच्याच खाती मांडणे न्याय्य नव्हे. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारी खजिन्यातून विलंबाने येते, यात त्याचा कसूर कोणता? इमारती मात्र टोलेजंग! २०१५च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण अस्तित्वात आले, फीवर देखरेख झाली. अध्यापकाच्या स्थैर्यावर देखरेख कोणाची? माहितीपुस्तिकेत वसतिगृहाच्या छायाचित्रांआधी कायम अध्यापकांची संख्या छापण्याची सक्ती शासनाने करावी, आणि पालकांनीही प्रवेशापूर्वी प्रथम तीच विचारावी.