उद्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीतली गाणी आठवून पाहा. हुंडा, बलात्कार, दारू, महागाई, घरातली मारहाण, यांतल्या प्रत्येक प्रश्नावर आपल्याकडे गाणं आहे, पथनाट्य आहे, पोस्टर आहे. मोर्चात ती गाणी म्हटली की अंगात बळ येतं, हा आपणा साऱ्याजणींचा अनुभव. पण या सगळ्यात पन्नास वर्षांनंतरची बाई कुठे भेटते? ती कुठल्या घरात राहते, ते घर कुणाच्या नावावर आहे, संध्याकाळी ती काय करते, म्हातारपणी तिला कोण बघतं? अन्याय कसा होतो हे आपली कला ताकदीनं सांगते. अन्याय संपल्यावरचं जगणं कसं असेल हे मात्र ती क्वचितच सांगते.

हे काम जगात दुसरीकडे झालं आहे, आणि ते ज्यांचं सगळंच लुबाडलं गेलं अशा माणसांनी केलं आहे. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांची नावं, भाषा, देव, नातीगोती पुसली गेली. त्यांच्या वंशजांनी भविष्याची कला उभी केली. मार्क डेरी या समीक्षकानं १९९३ साली तिला ‘आफ्रोफ्युचरिझम’ असं नाव दिलं. त्याचा प्रश्न असा होता, की ज्या समाजाचा भूतकाळ जाणूनबुजून पुसला गेला तो समाज भविष्याची कल्पना करू शकतो का? नाव त्यानं दिलं असलं तरी काम कितीतरी आधी सुरू झालेलं होतं.

१९१४ साली अलाबामात जन्मलेला एक पियानोवादक ‘सन रा’ हे नाव घेऊन म्हणू लागला, की मी या पृथ्वीवरचा नाहीच, मी शनी ग्रहावरून आलो. लोक हसले. पण ज्या देशात काळ्या माणसाला नागरिक म्हणून जागा नव्हती, त्या देशाला हे सरळ उत्तर होतं. प्राचीन इजिप्तचे पोशाख, नवी इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि मोडूनतोडून पुन्हा बांधलेलं जाझ, असं त्याचं संगीत होतं. १९७४ साली आलेल्या त्याच्या चित्रपटात तो काळ्या लोकांना संगीताच्या बळावर दुसऱ्या ग्रहावर न्यायला निघतो.

बायकांनी ही वाट आणखी पुढे नेली. डेट्रॉईटची अॅलिस कोल्ट्रेन ही हार्प आणि पियानो वाजवणारी कलावंत १९७० साली भारतात येऊन गेली. १९७१ च्या तिच्या ध्वनिमुद्रिकेत जाझच्या पाठीमागे आपला तानपुरा वाजतो. पुढे कॅलिफोर्नियात आश्रम काढून तिनं सिंथेसायझरवर भजनं गायली आणि त्यांच्या कॅसेट काढल्या. ऑक्टेव्हिया बटलर या लेखिकेनं १९९३ साली एक कादंबरी लिहिली. तिच्यात २०२४ साल रंगवलं आहे: दुष्काळ, आगी, श्रीमंतांच्या वस्त्यांभोवती भिंती. त्यातून एक काळी मुलगी बियाणं आणि माणसं गोळा करत उत्तरेकडे चालत जाते. ते २०२४ आता मागे पडलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानं मालवण-देवगडची घरं आणि आंबा-माडाच्या बागा झोडपलेल्या आपण पाहिल्या. त्यामुळे ती कादंबरी आपल्याला परकी वाटत नाही.

चित्रकलेतलं उदाहरण केनियात जन्मलेल्या वांगेची मुटूचं. स्त्रियांच्या गर्भाशयाच्या रोगांची जुन्या वैद्यकीय पुस्तकांतली चित्रं घेऊन तिनं २००६ साली त्यांच्यावर कागद चिकटवून काळ्या स्त्रियांचे चेहरे घडवले. बाईचं शरीर म्हणजे रोगाचा नकाशा, असं मानणाऱ्या शास्त्राच्या डोक्यावर तिनं बाईचा चेहरा ठेवला. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला हे आठवलं, म्हणजे या चित्रांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कार्यकर्ती म्हणून मला सर्वांत जवळचं वाटतं ते फिलाडेल्फियातलं काम. मूर मदर या नावानं गाणारी कवयित्री आणि रशिदा फिलिप्स ही वकील, या दोघींनी ते उभं केलं. फिलिप्स गरीब भाडेकरूंच्या बाजूनं लढणारी वकील. घर सोडण्याची नोटीस आलेल्या बाईला उद्याचाच भरवसा नसतो, तेव्हा वेळ आणि भविष्य या गोष्टीही काहींच्या मालकीच्या आणि काहींपासून हिरावलेल्या असतात, हे तिला न्यायालयात दिसत होतं. २०१६ साली या दोघींनी पुनर्विकासात उद्ध्वस्त होणाऱ्या वस्तीत एक केंद्र चालवलं. तिथे लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्याबरोबर त्यांना पुढे काय हवं तेही. मूर मदरच्या कविता कर्कश आवाजांच्या गदारोळात म्हटल्या जातात. त्या ऐकायला सोप्या नाहीत. ज्या वस्तीतून त्या आल्या तिथलं जगणंही सोपं नाही.

आता आपल्याकडे वळू. हे नातं नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची माहिती मागवली. याच ड्यू बॉईस यांनी १९२० साली धूमकेतूनं न्यूयॉर्क ओस पडल्याची कथा लिहिली होती. तिच्यात एक काळा पुरुष आणि एक गोरी श्रीमंत बाई एवढेच उरतात आणि काही तास वर्णाची भिंत गळून पडते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्या कवितेनं मराठी भाषा हादरवली. पण त्या क्रांतीच्या घरात बाईचं काय झालं, हे मल्लिका अमर शेख यांनी १९८४ साली ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये लिहून ठेवलं आहे. भविष्य सगळ्यांचं म्हणून रंगवलं जातं आणि त्यात बाई चुलीपाशीच राहते, हा धोका तिथून शिकायला हवा.

बायकांनी स्वतः रंगवलेली भविष्यंही आहेत. रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहिली. त्यात पुरुष पडद्यात बसतात, बायका राज्य करतात आणि सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो. मराठीत काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ ची. तिच्यात एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती येतो. ते स्वप्न राजवाड्यातून पाहिलेलं आहे, दलित-कष्टकरी बाईचं नाही, ही तिची मर्यादा. तरी आपल्या भाषेत असं पुस्तक आहे हेच आपल्यापैकी कितीजणींना माहीत असतं? कोकणातल्याच उर्मिला पवारांनी मीनाक्षी मून यांच्याबरोबर १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा पुसलेला भूतकाळ परत मिळवला. भूतकाळ असा हाती आला की पुढचा काळ मागण्याची पाळी येते. आज ते काम सुरूही झालं आहे. दलित समाजातून आलेल्या विज्ञानकथालेखिका मिमी मंडल यांनी २०१७ साली बटलरबद्दलच्या पत्रांचं आणि लेखांचं पुस्तक संपादित केलं. शेजारच्या गोव्यात राहून चित्रं काढणाऱ्या ओशीन सिवा यांच्या भिंतींवर भविष्यातल्या दलित, तमिळ स्त्रिया उभ्या आहेत, राक्षसी वाटाव्यात अशा आकाराच्या, झगझगीत रंगांच्या आणि कुणाला न भिणाऱ्या.

हे सगळं मी ओरोसमध्ये बसून का लिहिते आहे? कारण हे गावच कुणीतरी कागदावर पाहिलेलं भविष्य आहे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला आणि मुख्यालयासाठी इथे नवी नगरी आखली गेली. १९९७ साली हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. २०२१ साली चिपीचा विमानतळ सुरू झाला. आमच्या जिल्ह्याचं भविष्य सतत कुणी ना कुणी आखत असतं. त्या चित्रात बाई कुठे दिसते? पर्यटकाला सोलकढी वाढताना. ‘निवास व न्याहारी’च्या खोल्या झाडणारी, माशाची थाळी रांधणारी ती असते. नकाशाच्या बैठकीत ती नसते.

याचा रोजच्या कामाशी संबंध आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ साली केला, केंद्रानं २००५ साली. आमच्याकडचे सातबारे सामाईक, वीस-तीस नावांचे. शिबिरात आम्ही कायदा समजावतो, बायका तो समजूनही घेतात. आणि गणपतीला भाऊ मुंबईहून आला की हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. दबाव असतो, भीती असते. पण मला आणखी एक गोष्ट दिसते. जमीनही माझी आहे आणि माहेरही तुटलेलं नाही, असं जगणं त्यांनी कुठे पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही. कुठल्या ओवीत, कुठल्या दशावतारात, कुठल्या मालिकेत ते नाही. जे चित्र मनातच नाही त्यासाठी भावाशी वाकडं कोण घेणार? समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला गरजांची पाहणी करायला शिकवलं: पाणी, संडास, कर्ज, औषध. स्वप्नाचा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

तो रकाना आमच्या मातीतच सापडला. कोकणात देवळात गाऱ्हाणं घालतात. गावकार सगळ्या देवांना साकडं घालून गावाचं पुढचं बरं मागतो आणि लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गावाचं भविष्य मोठ्यानं बोलण्याची ही रीत. ती बोलतो पुरुष, बायका बाजूला हात जोडून उभ्या. गेल्या पावसाळ्यात कुडाळ तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या शिबिरात आम्ही ठरवलं, की आज बायकांनी गाऱ्हाणं घालायचं, पन्नास वर्षांनंतरच्या गावाचं. आधी हशा झाला. “तवसर आमी खंय आसतलो?” एक म्हातारी म्हणाली. मग एकीनं मागितलं, नदीचं पाणी उन्हाळ्यात आटू नये. दुसरी म्हणाली, रात्री दशावतार बघून बायांना एकट्या घरी येता यावं. विधवा बाईनं पहिली ओवाळणी करावी, असं तिसरीनं मागितलं आणि क्षणभर सगळं शांत झालं. बौद्धवाडीतली एक तरुण मुलगी म्हणाली, वाडीचं नाव विचारून कुणी पाण्याचा तांब्या लांब धरू नये. शेवटी ती म्हातारी उठली. “माका माज्या नावाचो सातबारो व्हयो.” सगळ्याजणी ओरडल्या, “व्हय म्हाराजा!” त्यातून उद्या कुणाचा सातबारा बदलेल असा दावा मी करत नाही. पण ती मागणी त्या बाईच्या तोंडून पहिल्यांदा निघाली, आणि ती कायद्याच्या तासाला निघाली नव्हती.

यावर आक्षेप येतील. पोटाला नाही तिथे कसली स्वप्नं, असं म्हणतील. पण सन रा, बटलर ही काही सुखवस्तू घरांतली माणसं नव्हती. बटलरची आई लोकांच्या घरची धुणीभांडी-साफसफाई करत असे. दुसरा आक्षेप, हे परदेशी फॅड. त्यांच्या उडत्या तबकड्या आणाव्यात असं मी म्हणत नाही. त्यांनी आपल्याकडचं तानपुरा-भजन घेऊन आपलं काहीतरी केलं, आपण त्यांचा धीर घेऊन आपल्या गाऱ्हाण्याचं, फुगडीचं काहीतरी करावं. तिसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: स्वप्नात रमून लढा ढिला पडेल. म्हणून गाऱ्हाणं आणि तलाठ्याकडचा अर्ज एकाच शिबिरात हवेत.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. दलित, आदिवासी, मुस्लिम, मच्छीमार बायकांची स्वप्नं आपण त्यांच्या वतीनं लिहायची नाहीत. बौद्धवाडीतल्या त्या मुलीचं मागणं मला सुचलं नसतं.

करण्यासारखं पुष्कळ आहे. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी इथे हाकेच्या अंतरावर आहे. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी पद्मश्री मिळाली. त्या कलावंतांना रीतसर मोबदला देऊन गावातल्या बायकांच्या उद्याची एक पोथी काढून घेता येईल. गणपतीत फुगडीच्या स्पर्धा होतात, तिथे एक गाणं येणाऱ्या काळाचं बांधता येईल. म्हाताऱ्या बायकांच्या ओव्या आपण ध्वनिमुद्रित करतोच, त्याच बैठकीत ‘पुढे काय व्हावं?’ हेही विचारून ठेवू या.

येत्या ८ मार्चला आपापल्या गटात हे गाऱ्हाणं घाला. तुमच्या बोलीत, तुमच्या चालीवर. विदर्भात, मराठवाड्यात गाऱ्हाण्याची रीत नसेल, तिथे भारूड असेल, जलसा असेल, गौळण असेल. बायांनी काय मागितलं ते लिहून या पत्त्यावर पाठवा. आम्ही इथे ते वाचून दाखवू, आणि त्यांतलं काय आजच तहसीलदाराकडे नेता येतं ते बघू.