मैदान सुटल्यावर

स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाले. नोकरी लागली की खेळाडूचा प्रश्न सुटला, असे आपण आजही मानतो. राज्य शासनाचे नोकऱ्यांतील ५ टक्के आरक्षण याच विचाराचे अपत्य. ते हवेच, परंतु गुडघा जायबंदी होऊन विशीतच मैदान सुटलेल्या मुलाची ओळखच हरपलेली असते. त्याच्यापाशी कोणी बसावे?

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००५ मध्ये यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आखला. केवळ हितचिंतकाच्या आवाक्यातले हे काम नाही. मनाची पडझड ओळखणे, शिक्षणाच्या वाटा ठाऊक असणे आणि पालकांना समजावणे, हे शिकूनच येते. वसई-विरारमध्ये २०११ साली मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून विजेत्यांचे कौतुक आम्हीही केले. हरलेल्यांची, थांबलेल्यांची विचारपूस मात्र राहून गेली. व्हॅटिकनने २०१८ मध्ये क्रीडेवर पहिला दस्तऐवज काढला. विवाहेच्छुकांसाठी ख्रिस्तसभा मार्गदर्शक घडविते. त्याच वर्गांत आपल्या शाळांच्या चार क्रीडाशिक्षकांना येत्या उन्हाळी सुट्टीत बसविता येईल, असे आम्हांस वाटते.