गळक्या नळीला बोट लावू नका

आपल्या खानापूर-बेळगाव भागातील भात, ऊस आणि रताळ्यांच्या शेतांत आता लहान ट्रॅक्टर पुष्कळ दिसू लागले आहेत. वीस-पंचवीस अश्वशक्तीचे हे यंत्र अरुंद वाटेने जाते, थोड्या जागेत वळते आणि दोघा-तिघा भावांना मिळून घेता येते. पण बैलाने चारा टाकला की त्याचे दुखणे आपल्याला कळते. यंत्राचे दुखणे ओळखायला आपण अजून पुरते शिकलेलो नाही. त्यातल्या एकाच दुखण्याविषयी, म्हणजे हायड्रॉलिकच्या नळीविषयी, आज लिहीत आहे.

गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर आमच्या ट्रॉलीच्या जॅकला जाणारी नळी एका ठिकाणी ओली दिसू लागली. मी शहाणपणा केला. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून तार आवळली आणि शेणखताच्या दोन खेपा टाकल्या. तिसऱ्या खेपेला ट्रॉली उचलताना तेलाचा बारीक फवारा उडाला. तो नेमका कुठून येतो हे पाहण्यासाठी धाकट्याने हात पुढे केला. बांधावर उभे असलेले एक वृद्ध मिस्त्री ओरडले, "अरे बाळा, हात काढ तिथून!" त्यांनी इंजिन धीम्यावर ठेवायला सांगितले, दूर उभे राहून खोक्याचा पुठ्ठा लांब काठीला बांधून नळीजवळून फिरवला आणि आम्हाला दाखवला. पुठ्ठ्यावर सुरीने कापावी तशी रेघ उमटली होती. ते म्हणाले, "हे बोट असतं तर?"

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक असले पाहिजे. मोटारीच्या चाकात हवा असते ती चौरस इंचाला सुमारे ३० पौंड दाबाची. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब २००० ते २८०० पौंडांपर्यंत चढतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून या दाबाने निघालेले तेल कातडी भेदून आत शिरते. हातमोजासुद्धा त्याला अडवत नाही. हा धोका काही नवा नाही. डिझेल इंजिनच्या दाबाने शरीरात तेल शिरल्याची हकीकत १९३७ सालीच अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. तरी आजही आपण गळती बोटाने चाचपतो.

यातली फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला काहीच वाटत नाही. बोटावर काटा रुतल्याएवढा ठिपका दिसतो, रक्तही फारसे येत नाही. माणूस हात पुसतो आणि कामाला लागतो. आत मात्र तेल शिरांच्या आणि स्नायूबंधांच्या वाटेने पसरलेले असते. काही तासांनी बोट सुजते, ठणकू लागते, पांढरे किंवा काळसर पडते. तोवर आतले मांस मरू लागलेले असते आणि पुष्कळदा बोट कापावे लागते. म्हणून दुखत नसले तरी त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळात गेले पाहिजे. हळद-चुना लावू नये, शेक देऊ नये, दाबून तेल काढू नये. हात वर धरून, काही न खाता-पिता जावे. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "मशीनच्या दाबाचे तेल आत गेले आहे," आणि तेल कोणते तेही सांगावे. नुसते धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पट्टी यावर समाधान मानून परत येऊ नये. उपाय एकच आहे: जखम उघडून आतले तेल धुऊन काढणे. जितका उशीर, तितके बोट जाण्याचे भय अधिक.

आता नळी बदलण्याविषयी. हे काम घरी होते, त्याला मोठी विद्या लागत नाही. पण क्रम चुकता कामा नये. आधी ट्रॉली किंवा अवजार जमिनीवर टेकवावे. उचललेल्या ट्रॉलीखाली कोणीही जाऊ नये. नळी सुटली की ती क्षणात खाली येते. मग इंजिन बंद करून लिव्हर चार-पाच वेळा वर-खाली करावा, म्हणजे उरलेला दाब निघून जातो. तेल निवू द्यावे. जोडाभोवतीची माती पुसून घ्यावी आणि दोन पाने वापरून नट सैल करावा, एकाने धरावे आणि दुसऱ्याने फिरवावे. उघडी तोंडे स्वच्छ फडक्याने किंवा बुचाने ताबडतोब झाकावीत. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत गिअरचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. तेथे गेलेली चिमूटभर माती पंप खाते, आणि गळून गेलेल्या तेलामुळे गिअरही कोरडे पडतात.

जुनी नळी दुकानात न्यावी आणि तिच्याच लांबीची, त्याच जोडाची नळी करून घ्यावी. नळीच्या अंगावर ती किती दाबाची आहे ते छापलेले असते. तो आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या दाबापेक्षा कमी असेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. पाण्याची नळी आणि क्लिप येथे चालत नाही; टोके यंत्रावर दाबूनच बसवलेली हवीत. लोखंडी नळीला तडा गेला असेल तर त्यावर डाग देऊन भागवू नये, नळीच बदलावी. ती पकडणारी क्लिप तुटल्याने थरथरून तडा गेला नाही ना, तेही पाहावे. बसवताना नळीला पीळ पडू देऊ नये. अंगावरची छापील रेघ सरळ राहिली म्हणजे पीळ नाही असे समजावे. ती ताणूनही बसवू नये, आणि चाकाला किंवा धुराड्याला घासू देऊ नये. मग तेल भरावे, धीम्या इंजिनवर लिफ्ट काही वेळा वर-खाली करून हवा काढावी, पुठ्ठ्याने गळती तपासावी आणि तेलाची पातळी पुन्हा पाहावी.

काही जण म्हणतील, ऐन हंगामात नळीसाठी बेळगाव गाठायचे म्हणजे दिवस मोडला. हे खरे आहे, आणि म्हणूनच मी तारेची पट्टी मारली होती. पण यावर तोड आहे. ज्या गावाच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पंप आणि व्हॉल्व्ह बनतात, त्या गावाच्या आसपास राहून आपण सायकलच्या ट्यूबने नळी बांधावी, हे शोभत नाही. मृगाच्या आधी एक जादा नळी करून घरात टांगून ठेवावी. एकाच जातीचे ट्रॅक्टर असलेल्या चार घरांनी मिळून ठेवली तर खर्चही जाणवणार नाही. नळीवर भेगा, फुगवटा किंवा आतली तार दिसली की ती फुटण्याची वाट पाहू नये.

गाडीची पाटी, खोरे, दोर हे आपण वापरून वापरून जीर्ण करतो, आणि ती काटकसर योग्यच आहे. पण दाबाच्या नळीला ती लावू नये. नळी बाजारात मिळते, बोट मिळत नाही. आमच्या घरी तो पुठ्ठा अजून गोठ्याच्या भिंतीला टांगलेला आहे. ट्रॅक्टर शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला आम्ही आधी तो दाखवतो, मग किल्ली देतो.